सदूला विचारा

ऑस्ट्रेलियाला किंवा कॅनडाला जायचं मनात घेतलेला माणूस मला लांबून ओळखू यायचा. भर उन्हात लग्नातला कोट अंगावर चढवून, काखेत प्लास्टिकची पिशवी मारून तो सें पिएरच्या बाजारातून चालत येई. कागदपत्रांचं काम म्हणजे कोट हवाच, अशी आमच्या मॉरिशसच्या लोकांची ठाम समजूत. माझ्या खोलीत पंखा नव्हता. बिचारा घाम पुसत बसायचा आणि मी म्हणायची, "अहो, कोट काढा. मी काही तुमची सासू नाही."

ती खोली कापडाच्या दुकानावर होती. सकाळी मी मुलींना टायपिंग शिकवायची आणि दुपारी परदेशी निघालेल्यांचे कागद तयार करायची. त्यामुळे सगळा गाव मला 'मिस' म्हणे, अगदी माझ्या वडिलांच्या वयाचे लोकसुद्धा. सत्तरीच्या आणि ऐंशीच्या दशकात इतकी माणसं बेट सोडून गेली, की माझ्या टाइपरायटरला रविवारखेरीज उसंत नसे.

काम काय, ते सांगते. त्या देशांना कुशल कामगार हवे असत. पण मी सुतार आहे, मी शिंपी आहे, असं नुसतं म्हणून भागत नसे. अमुक वर्षं तो धंदा केल्याचं सिद्ध करावं लागे. त्यासाठी मालकाचं पत्र लागे. माणूस कोण, काय काम करतो, केव्हापासून करतो आणि आठवड्यातून किती तास करतो, एवढंच त्यात हवं. ऐकायला किती सोपं आहे! पण आमच्या मालकांना नेमकं तेवढंच लिहिता येत नसे.

लॉंग माउंटनच्या एका शिंप्याचं पत्र माझ्या अजून लक्षात आहे. त्याच्या उस्तादांनी मोठ्या प्रेमानं लिहिलं होतं. मुलगा चांगल्या घरचा आहे, दारूला शिवत नाही, दर वर्षी गणपती डोक्यावर घेऊन नदीपर्यंत जातो आणि आईला विचारल्याशिवाय सिनेमाला जात नाही. मी पत्र उलटं करून मागची बाजूही पाहिली. मग उस्तादांनाच बोलावून घेतलं.

"काका, हा शिवतो का?"

"तो? आयो मिस! त्याच्यासारखी पँट आख्ख्या लॉंग माउंटनात कोण शिवत नाय."

"मग ते लिहा ना!"

"ते काय लिवायचा? ते तर सगळ्यांना ठाव हाय."

सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट कागदावर आणणं, हाच माझा धंदा होता म्हणा ना.

दुसरी तऱ्हा बों अक्योयच्या एका गॅरेजवाल्याची. त्याच्याकडच्या सगळ्यात हुशार मेकॅनिकला त्यानं असं कोरडं पत्र दिलं की वाचून घशाला कोरड पडावी. आणि जो मेकॅनिक गाडीचं चाक लावताना नट हरवायचा, त्याच्या पत्रात नुसती स्तुतिसुमनं! मी विचारलं तेव्हा पात्रों, म्हणजे मालक, डोळे पुसत म्हणाला, "मिस, चांगला गेला तर माझा गॅरेज बंद. त्या दुसऱ्याला तेवढा लवकर पाठवा." तेव्हापासून एखाद्या पत्रात फारच गोडवे गायलेले दिसले, की मला त्या माणसाचा संशय येऊ लागला. हुशार मेकॅनिकसाठी मात्र मी त्या पात्रोंच्या बायकोकडे जाऊन बसले आणि नीट पत्र घेऊनच उठले. आपल्याकडे बरीच कामं स्वयंपाकघराच्या दारातून होतात.

पण माझी खरी परीक्षा झाली ती सदू मासोंच्या वेळी.

मासों म्हणजे गवंडी. सदू आमच्याच वस्तीतला, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर राहायचा. अंगानं सडपातळ, मिशी मात्र भरघोस. मिशीवर त्याचा फार जीव. सिमेंटचे शिंतोडे उडाले तर आधी मिशी पुसायचा आणि मग डोळे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला एका दुपारी तो जिना चढून आला. कोट होताच.

"मिस, मेव्हणा मेलबर्नला बोलवतो. बांधकामावर काम हाय म्हणतो."

"छान! कुणाचं पत्र आणलंस?"

त्यानं उसाच्या मळ्याच्या कचेरीचा दाखला पुढे केला. त्यावर लिहिलं होतं, मजूर.

गोम अशी होती. सोमवार ते शनिवार सदू मळ्यात मजुरी करायचा. मासों होता तो रविवारी. आणि रविवारच्या कामाला आमच्याकडे पैसे नसत. त्याला आम्ही कुदमें म्हणतो, म्हणजे हात लावणं. मोठ्या तुफानात आमच्या भागातले पत्रे उडून गेले, तेव्हापासून जो तो सिमेंटच्या छपराच्या मागे लागला होता. स्लॅब घालायचा म्हणजे सगळी वस्ती लोटायची. पुरुष काँक्रीट कालवणार, बादल्या चढवणार, बायका सात भाज्यांचा स्वयंपाक करणार, दुपारी केळीच्या पानावर जेवण. आज तुझ्या घराला माझा हात, उद्या माझ्या घराला तुझा. त्यात पैशाचं नाव काढणं म्हणजे आईला वाढणावळ देण्यासारखं. सदूही पानावरच खूश असे. गेल्या कित्येक वर्षांत आमच्या भागातला एकही स्लॅब त्याच्याशिवाय घातला गेला नव्हता, आणि त्याबद्दलचा चिटोराही कुणाकडे नव्हता.

आता मळ्यानं माणसं कमी केली होती. त्यांत सदूही गेला होता. घरी बायको, दोन मुली. वर पुढच्या वाढदिवसाला तो त्या देशानं घातलेली वयाची मर्यादा ओलांडणार होता. म्हणजे जे काय व्हायचं ते त्याच वर्षी.

"तू मासों आहेस हे कोण सांगेल?" मी विचारलं.

"कोण सांगेल म्हणजे? कोणाला बी विचारा."

म्हटलं, सोपं झालं. ज्यांची घरं त्यानं बांधली त्यांची शपथपत्रं घेऊ. सगळ्यात आधी आम्ही रामाकाकांकडे गेलो. रामाकाका म्हणजे वस्तीतले वडीलधारे. त्यांचं घर सगळ्यांत दणकट, आणि तसं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतही असत. मी ओसरीवर बसून नीट प्रश्न केला, "काका, हे घर कुणी बांधलं?"

काकांनी छातीवर हात ठेवला. "मी. या हातांनी. बाप झोपडीत जन्मला, झोपडीत मेला. मी सिमेंटचा घर बांधला."

मी सदूकडे पाहिलं. तो मान डोलावत म्हणाला, "होय मिस, काकांनीच बांधला."

मला असा राग आला की चहाचा कप तसाच ठेवून मी उठले. रस्त्यावर आल्यावर त्याला फैलावर घेतलं. "वेड लागलंय का तुला? तुझंच काम, आणि तू त्याला हो म्हणतोस?"

सदूनं मिशीवरून बोट फिरवलं. "मिस, मानूस आपल्या घरात बसलाय. त्याच्या बायकोसमोर त्याला कसा सांगू, हा घर तू नाय बांधला?"

पुढच्या प्रत्येक ओसरीवर तेच झालं. आमच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या जमिनीवर ऊस तोडला. त्यांच्या आयुष्यातली 'मी केलं' म्हणण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे ते घर. ते दुसऱ्या कुणाच्या नावावर सांगायचं त्यांच्या जिवावर येई. खोटं कुणीच बोलत नव्हतं. बादल्या त्यांनी खरंच उचलल्या होत्या. एकानं तर शपथेवर लिहून दिलं की स्लॅब मी आणि माझ्या भावांनी घातला, सदूही होता, तो पोटभर जेवला. हे वाक्य मी माझ्या हातानं इंग्रजीत टाइप केलं आहे.

असली शपथपत्रं घेऊन आम्ही मुलाखतीला पोर्ट लुईला गेलो. मी दुभाषी म्हणून. परदेशातून कामगारांची पारख करायला आलेले अधिकारी होते मिस्टर वॉर्ड, तांबडेलाल, जाड मनगटांचे. ते स्वतः पूर्वी विटांचं काम करत होते असं नंतर कळलं. त्यांनी सगळी पत्रं शांतपणे वाचली. पोटभर जेवल्याचं वाचून त्यांनी चष्मा काढून पुसला.

"ही घरं नक्की बांधली कुणी?" त्यांनी विचारलं.

मी सदूला मराठीत विचारलं, डोळ्यांनी दटावलंही. कोटात तो असा बसला होता, जणू परीक्षेला आलेलं पोर. म्हणाला, "गावानं."

'यानंच' हा शब्द माझ्या अगदी जिभेवर आला होता. पण दुभाष्यानं पदरचं घालायचं नसतं. मी तेच इंग्रजीत सांगितलं.

मिस्टर वॉर्ड हसले नाहीत. "बाई, मी गावाला व्हिसा देऊ शकत नाही. मळ्याचा दाखला म्हणतो मजूर, शेजारी म्हणतात मदतनीस. हा स्वतःही काही बोलत नाही. मी काय लिहू?"

सदूनं माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. तो कोटाचं बटण लावायला लागला. ते बटण काही त्याला लागेना. मला एकदम भडभडून आलं, आणि भडभडून आलं की मी भांडते, हा माझा जुना स्वभाव.

"साहेब," मी म्हटलं, "या रविवारी माझ्याच घराचा स्लॅब आहे. तुम्ही या. निकाल द्यायचा तो द्या, पण बघून द्या. आणि जेवून जा."

खरं सांगते, ते येतील असं मला वाटलं नव्हतं.

रविवारी उजाडताच नारळ फोडला. खालचे टेकू, वरच्या फळ्या, सळयांची जाळी, सगळं सदूनं आदल्या आठवड्यात उभं करून घेतलं होतं. स्लॅबचं काम ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. एकदा काँक्रीट पडायला लागलं की थांबायचं नाही. मध्ये थांबलात तर जुनं आणि नवं एकजीव होत नाही, सांधा राहतो, आणि त्या सांध्यातून पाऊस जन्मभर घरात येतो. म्हणून त्या दिवशी हुकूम एकाचाच चालतो. आमच्याकडे रीतच आहे, स्लॅबवर मासोंला नातंगोतं नाही. तो सासऱ्यालाही शिवी देईल, आणि सासऱ्यानं ती हसून घ्यायची. संध्याकाळी पाया पडला की फिटलं.

आठवडाभर मान खाली घालून फिरणारा सदू छपरावर चढला की ओळखू येत नसे. डोक्याला फडकं, हातात थापी, आणि तोंडाचा पट्टा सुरू. "दगाज! दगाज!" म्हणजे हात उचला. माझे यजमान शाळेत हेडमास्तर होते, त्यांना तो सगळ्यांदेखत म्हणाला, "ओ हेडमास्तर, बादली धरलीय का खडू?" मला मनातून फार बरं वाटलं.

मिस्टर वॉर्ड आले तेव्हा काम अर्ध्यावर होतं. मी त्यांना झाडाखाली खुर्ची दिली. ते काही वेळ बसले, मग उभे राहिले, मग शिडीपाशी गेले. नेमकी तिथे रांगेत एक जागा मोकळी झाली होती. सदूनं वरून पाहिलं. कोण आहे याचं त्याला भान असेल असं मला वाटत नाही. तो ओरडला, "ए ब्लां! उभा काय राहिलास? बादली!"

साहेबांना गोरा म्हणून हाक मारून, वर कामाला लावलं! पण साहेबांना भाषा कळली नसली तरी बादली कळली. त्यांनी बाह्या वर सरकवल्या आणि रांगेत उभे राहिले.

आणि तेवढ्यात खालून कुणीतरी ओरडलं. एक टेकू जमिनीत खचत होता. वरची फळी पोट काढायला लागली होती आणि तिच्यावर ओलं काँक्रीट. सगळी रांग जागच्या जागी थिजली. खाली टेकूपाशी उभे होते रामाकाका. या हातांनी घर बांधणारे. त्यांनी दोन्ही हातांनी टेकू धरला आणि वर तोंड करून जिवाच्या आकांतानं हाक मारली, "सदू! आता काय करू?"

सदू उडी मारूनच खाली आला. "सोडू नका काका! पाचर आना! दगड आना!" लोक धावले. तो स्लॅबखाली शिरला, खचणाऱ्या टेकूशेजारी दुसरा उभा केला, पाचरी ठोकल्या, फळीवर हात फिरवला आणि पुन्हा वर गेला. थांबणं एवढंसंच झालं, सांधा राहिला नाही. रांग परत हलायला लागली, तेव्हा कुठे मी हातातली पळी खाली ठेवली.

मिस्टर वॉर्डनी मला जवळ बोलावलं. "तो म्हातारा काय ओरडला?"

"सदू, आता काय करू."

"आणि मघाशी तो कोपऱ्यातला?"

"तेच."

"आल्यापासून मी एकच नाव ऐकतोय," ते म्हणाले आणि पुढची बादली उचलली.

जेवणाच्या पंगतीत ते मांडी घालून बसले. मांडी घालताना बरीच मदत लागली. हातानं भात कालवता कालवता त्यांनी शेजारच्यांना एक प्रश्न विचारायला सुरुवात केली. मी वाढता वाढता मराठीत सांगत होते. घर कुणी बांधलं, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "तुमचा स्लॅब घालताना काय करायचं हे तुम्ही कुणाला विचारलंत?"

"सदूला." पहिला म्हणाला.

"सदूला विचारला. दुसरा कोन हाय?" दुसरा म्हणाला.

रामाकाकांनी तर घास तोंडात असतानाच बोट केलं. कुणाचा अभिमान दुखावला नाही, कुणाच्या घराची वीट हलली नाही, आणि पंगतभर एकच उत्तर फिरलं. मी भाजीचं भांडं घेऊन तशीच उभी राहिले. इतकी वर्षं या धंद्यात घालवून मला हा प्रश्न सुचला नव्हता. पुढे मात्र मी तो सोडला नाही. सुतार असो, पाववाला असो, मी साक्षीदाराला एवढंच विचारी, काम अडलं की हाक कुणाला मारायचात? लोक चटकन खरं सांगायचे.

नवी शपथपत्रं त्याच आठवड्यात झाली. मिस्टर वॉर्डनी स्वतः पाहिलेलं स्वतःच्या हातानं लिहिलं. सदूला कुशल कामगार म्हणून मान्यता मिळाली, आणि वाढदिवसाच्या आत व्हिसाही आला. कळवायला तो जिना चढून आला तेव्हा अंगात कोट नव्हता, हे मला विशेष आवडलं.

जाण्याच्या आधी तो आमच्या छपरावर गेला. आमच्याकडे वरच्या मजल्याच्या आशेनं कोपऱ्यांच्या सळया तशाच उभ्या ठेवतात. घरोघरी छपरावर त्या दिसतील. सदूनं प्रत्येक सळईवर रिकामी बाटली उपडी घातली, गंज चढू नये म्हणून. खाली उतरून माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "मिस, वरचा मजला मीच घालनार. दुसऱ्या कुनाला हात लावू देऊ नका."

मी बरं म्हटलं. विमानतळावर निरोप द्यायला सगळी वस्ती दोन बस भरून गेली होती. रडण्यात सगळ्यात मोठा आवाज रामाकाकांचा होता.

मेलबर्नहून त्याची खुशाली येत राहिली. मुली शाळेत जातात, घर चांगलं आहे. काम सोपं आहे, पंपानं काँक्रीट वर जातं, तीन माणसांत स्लॅब होतो. फक्त कुणी ओरडत नाही, असं त्यानं लिहिलं होतं. दुपारी जो तो आपला डबा उघडून वेगळा बसतो. मुलींचं भलं झालं, याचा मला आनंद होता आणि आहे. पण ज्याच्यावाचून वस्तीचं अडत होतं, त्याला मीच जायची वाट करून दिली, हेही खरंच.

वरचा मजला आम्ही ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस काढला. यजमान निवृत्त झाले होते, थांबून चालण्यासारखं नव्हतं. सदूला रजा मिळाली नाही. त्यानं कळवलं, घालून घ्या मिस, माझ्यासाठी थांबू नका. आम्ही पोर्ट लुईचा एक कंत्राटदार ठरवला. यंत्र आणणारा, शांत बोलणारा, चांगला तरुण. तरी सवयीनं वस्तीतले लोक आलेच, आणि सवयीनं मीही सात भाज्या केल्या. सळयांवरच्या बाटल्या काढल्या तेव्हा खालचं लोखंड स्वच्छ होतं.

रामाकाका आता फार थकले होते. मी त्यांना झाडाखाली, साहेबांना दिली होती तीच खुर्ची दिली. काम सुरू झालं. मध्येच यंत्र अडकलं, काँक्रीट थांबलं आणि माणसं इकडेतिकडे पाहायला लागली. काका खुर्चीतून अर्धे उठले आणि पूर्वीच्याच आवाजात ओरडले, "सदू! आता काय करू?"

छपरावरून कंत्राटदारानं खाली वाकून विचारलं, "सदू कोण?"

काकांनी खुर्चीचा हात धरला, हळूहळू खाली बसले, आणि छातीवर हात न ठेवता म्हणाले, "माझा घर त्यानं बांधला."